कामगार रात्री झोपणार कुठे?

२०१० साली मेक्सिकोत जनगणना झाली तेव्हा देशभरात सुमारे ५० लाख घरं रिकामी आढळली. सगळीच काही पडकी किंवा गावाकडे सोडून दिलेली नव्हती. स्वस्त गृहकर्जावर विकलेली नवीकोरी घरंही त्यांत मोठ्या संख्येने होती. शहरापासून दूर, माळरानावर, एकाच साच्यातून काढल्यासारखी रांगेत उभी. कुटुंबं तिथे राहायला गेली, कामावर जाण्यायेण्यात रोजचे कित्येक तास घालवून बघितले, शाळेची आणि दवाखान्याची वाट पाहिली, आणि शेवटी हप्ते थकवून, दाराला कुलूप घालून निघून गेली. त्याच देशात त्याच वर्षी असंख्य कुटुंबं एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. घरांची टंचाई आणि घरांची नासाडी, दोन्ही एकाच वेळी.

परवडणाऱ्या घरांवर वाद रंगला की असं उदाहरण दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात. एक म्हणतो, बघा, सरकारने स्वस्त घरांच्या नादी लागूच नये. ते खैरातीचं काम आहे, आधी देश श्रीमंत होऊ द्या, घरं आपोआप होतील. दुसरा म्हणतो, घर हा हक्क आहे, टंचाई अजून संपलेली नाही, तेव्हा आकडा वाढवा. पहिल्याच्या लेखी घर म्हणजे खर्च, दुसऱ्याच्या लेखी घर म्हणजे देणं. पण दोघंही ते मोजतात नगावरच. मला हा वादच चुकीच्या अंगणात चाललेला वाटतो. घर हे कल्याण खात्याच्या यादीतलं शेवटचं कलम नव्हे. कारखाना, रेल्वे, बंदर, वीज यांचे निर्णय ज्या टेबलावर होतात त्याच टेबलावर, त्याच बैठकीत घरांचाही निर्णय झाला पाहिजे. आणि तिथे मोजायचं असेल तर घरांची संख्या नंतर मोजावी, आधी घर आणि काम यांच्यातलं अंतर मोजावं.

अन्न, वस्त्र, निवारा हे त्रिकूट आपण इतक्या सवयीने उच्चारतो की तिसरा पहिल्या दोघांच्या जातीचा नाही हे ध्यानातच येत नाही. धान्य गोदामातून भुकेल्यापर्यंत नेता येतं. कापडाचे गठ्ठे पाठवता येतात. दोन्ही परदेशातून मागवता येतात. घर जागचं हलत नाही; माणसालाच त्याच्यापाशी जावं लागतं. म्हणून घर कुठे आहे यावर माणूस कोणतं काम करू शकेल हे ठरतं, आणि कामाजवळचं घर किती महाग आहे यावर मालकाला मजुरी किती द्यावी लागेल हे ठरतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये धान्यावरच्या आयातकरावरून जो वाद पेटला होता, त्याचं मूळ हेच. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोचं म्हणणं असं की धान्य महाग ठेवलं की मजुरी चढते, कारखानदाराचा नफा आटतो आणि मधल्यामध्ये जमीनदाराचा खंड फुगतो. १८४६ साली ते कायदे रद्द झाले. आता त्या युक्तिवादात धान्याच्या जागी घरभाडं ठेवून बघा. एक शब्दही बदलावा लागत नाही. उलट तो अधिक धारदार होतो, कारण धान्य बाहेरून आणता येतं, शहराच्या मध्यातली जमीन नाही.

भारतात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५६ साली, सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद या अर्थतज्ज्ञांनी महालनोबीसांच्या अवजड उद्योगांच्या आराखड्याला ‘वेतनवस्तूं’चा पर्याय मांडला होता. मजुराला जगायला ज्या वस्तू लागतात त्या आधी मुबलक करा, रोजगार त्यांच्या आधारावरच वाढतो, असा त्याचा गाभा. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः धान्य होतं, आणि त्या काळात ते बरोबरही होतं. पण शहरात येऊन राबणाऱ्या माणसाला आज धान्यापेक्षा भाडं डोईजड होत असेल, तर घर ही वेतनवस्तू नव्हे तर दुसरं काय? मग धान्यासाठी पेरणीपासून गोदामापर्यंत राष्ट्रीय धोरण आखायचं आणि घर मात्र ‘लाभार्थी’ या शब्दाच्या हवाली करायचं, याला नियोजन का म्हणायचं?

ज्यांनी ही गोष्ट ओळखली ते सगळे एकाच विचारसरणीचे नव्हते, आणि मला त्यातच या मुद्द्याची ताकद दिसते. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नातल्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली आलिशान घरांवर सर्वाधिक बोजा पडेल असा चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवला आणि १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरं बांधली. भाडी जाणूनबुजून अगदी कमी ठेवली. त्यामागे दया होतीच, पण हिशेबही होता: साम्राज्य गेलं, बाजारपेठ गेली, आता ऑस्ट्रियाचा माल परदेशात विकायचा तर मजुरी आटोक्यात हवी, आणि मजुराला उपाशी न ठेवता ती आटोक्यात ठेवायची तर भाडं खाली हवं. दुसरीकडे हाँगकाँग. तिथलं ब्रिटिश वसाहती सरकार मुक्त बाजारपेठेचं कट्टर पुजारी. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली, ५० हजारांवर लोक एका रात्रीत उघड्यावर आले, आणि याच सरकारला चाळवजा इमारती बांधाव्या लागल्या. माणशी चोवीस चौरस फूट जागा, सामायिक नळ, सामायिक संडास. घर म्हणून ते लाजिरवाणंच होतं. पण झोपड्यांखालची जमीन मोकळी झाली, आणि पुढच्या दशकांत कापड आणि प्लास्टिकच्या कारखान्यांना स्वस्त भाड्यात राहणारे कामगार जवळच मिळाले. समाजवाद्यांनी आणि व्यापाऱ्यांनी, दोघांनीही भाडं हा उत्पादनखर्चाचा भाग मानला.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. गरीब देशाकडे भांडवल तुटपुंजं असतं. ते यंत्रात घातलं तर वर्षानुवर्षं माल निघतो, निर्यात होते, परकीय चलन येतं. विटांत घातलं तर ते विटांतच अडकतं. मग आधी यंत्र आणि मग घर, हा क्रम शहाणपणाचा नाही का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जमिनीच्या सट्ट्यात देशाची बचत कशी जिरते हे पाहिलेल्या कुणालाही तो पटेल. पण हा क्रम अक्षरशः पाळून पाहिलेला देश इतिहासात आहे. सोव्हिएत संघाने पहिल्या पंचवार्षिक योजनेत मॅग्निटोगोर्स्कला पोलादाचं अवाढव्य शहर उभं करायला घेतलं. भट्ट्या आधी आल्या. माणसं तंबूत, बराकीत, जमिनीत खणलेल्या खोपटांत राहिली. परिणाम काय? कामगार टिकेनात. शिकवून तयार केलेला माणूस बऱ्या निवाऱ्याच्या शोधात दुसऱ्या कारखान्याकडे पळे आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागे. यंत्र होतं, पण ते चालवणारा हात रोज बदलत होता. शेवटी १९५७ साली ख्रुश्चेव्हच्या सरकारला घरबांधणीचा फतवा काढावा लागला आणि मग कोट्यवधी माणसं स्वतंत्र सदनिकांत गेली. घराचा खर्च वाचला नव्हता. तो फक्त पुढे ढकलला होता, आणि मधल्या काळात त्याचं व्याज माणसांनी भरलं.

शिवाय ‘घर म्हणजे उपभोग’ हे म्हणणं खुद्द अर्थशास्त्राच्या वहीतही बसत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची जी पद्धत जगभर चालते, तिच्यात नवं घर स्थिर भांडवलनिर्मितीत धरतात, यंत्राच्या आणि पुलाच्याच रकान्यात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचंही भाडं मानीव धरून उत्पन्नात मिळवतात, कारण घर दरवर्षी सेवा देतं. म्हणजे हिशेबनीस ज्याला भांडवल म्हणतो त्याला नियोजनकार खर्च म्हणतो.

क्रम न लावता दोन्ही कामं एकदम हाती घेणारं उदाहरण म्हणजे सिंगापूर. ते आता इतकं घासून गुळगुळीत झालंय की सांगायलाही संकोच वाटतो, पण त्यातला उपयोगाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. लोक इमारतींचे फोटो दाखवतात. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं आणि १९६१ साली आर्थिक विकास मंडळ. दोन्ही एकाच डावातले पत्ते होते. पहिल्या पाच वर्षांत ५० हजारांहून जास्त घरं झाली. वसाहतींच्या कडेला हलक्या उद्योगांसाठी जागा राखल्या, म्हणजे घर सोडून लांब जाऊ न शकणाऱ्या बायकांना पायी पोचता येईल असं काम मिळावं. १९६८ पासून सक्तीच्या भविष्यनिधीतला पैसा घरासाठी वापरायला परवानगी मिळाली. मजुराची बचत, तिच्यातून घर, घराजवळ कारखाना, कारखान्यातून पुन्हा बचत, असं ते चक्र. आज तिथले चारांपैकी तीनहून अधिक रहिवासी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात.

इथे समोरचा लगेच म्हणेल की ते छोटं बेट आहे आणि तिथलं सरकार विरोधकांना फारसं जुमानत नव्हतं. दोन्ही खरं. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले, आणि पुढे मोबदला बाजारभावाच्या बराच मागे, १९७३ सालच्या किमतीला बांधून ठेवला. जमीनमालकांवर तो उघड अन्याय होता, आणि निवडणुकीची खरी भीती असलेल्या सरकारला तो झेपला असता असं मला वाटत नाही. पण या उदाहरणातून उचलायची ती जबरदस्ती नव्हे. उचलायचं ते एवढंच की सार्वजनिक पैशाने रस्ता, नळ, रेल्वे आल्यावर शेजारच्या जमिनीची जी किंमत चढते, ती कुणाच्या खिशात जाते हे योजनेतच लिहिलेलं होतं. हे जबरदस्तीशिवायही साधता येतं. जपानमध्ये इचिझो कोबायाशी नावाच्या उद्योजकाने १९१० साली ओसाकाजवळ रेल्वे सुरू केली तेव्हा लोहमार्गालगतची जमीन आधी घेतली, तिच्यावर घरं बांधली आणि नोकरदारांना हप्त्याने विकली. घरांमुळे प्रवासी मिळाले, रेल्वेमुळे घरांना गिऱ्हाईक मिळालं. कुणावर सक्ती नाही, सरकारी अनुदान नाही. एका खासगी कंपनीला जे सुचलं, ते रेल्वेचं खातं एका इमारतीत आणि घरांचं खातं दुसऱ्या इमारतीत बसवणाऱ्या सरकारांना का सुचू नये?

ही खात्यांची फाळणी हाच खरा रोग आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली वर्णभेदी राजवट गेली आणि नव्या सरकारने पाच वर्षांत १० लाख घरांचं वचन दिलं. त्यांनी ते बहुतांशी पाळलं. पुढच्या काळात हा आकडा ३० लाखांच्या वर गेला. इतकं मोठं काम फार थोड्या देशांनी केलंय, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. पण घरामागे ठरलेल्या रकमेत बसायचं तर जमीन स्वस्त हवी, आणि स्वस्त जमीन मिळे ती शहराच्या काठावर, म्हणजे नेमकी जिथे जुन्या राजवटीने काळ्या माणसांना हाकलून ठेवलं होतं तिथेच. कायद्याने पुसलेला भूगोल अनुदानाने पुन्हा गिरवला गेला. ज्याला घर मिळालं त्याच्या कमाईचा मोठा लचका रोज टॅक्सी-बसच्या भाड्यात गेला. गृहखात्याच्या कागदावर घराची किंमत कमी दिसली, कारण प्रवासाचा खर्च त्या कागदावर नव्हताच. घर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसलं तर परवडणारं, ही सर्वत्र वापरली जाणारी मोजपट्टी म्हणूनच फसवी आहे. भाडं अर्ध्यावर आलं आणि प्रवास दुप्पट झाला तर परवडलं काय?

ब्राझीलचं उदाहरण तर याहून बोलकं. १९६० साली ब्राझीलियाचं उद्घाटन झालं. कोऱ्या कागदावर आखलेली राजधानी, नगररचनाकार लुसिओ कोस्ताचा तो प्रसिद्ध विमानाच्या आकाराचा आराखडा. मंत्रालयं, सदनं, अधिकाऱ्यांच्या सदनिका, सगळ्याची जागा ठरलेली. पण ते शहर बांधायला जे हजारो मजूर ईशान्येकडच्या कोरड्या भागातून आले होते, त्यांनी काम झाल्यावरही तिथेच राहायचं ठरवलं तर काय, याचं पुरेसं उत्तर आराखड्यात नव्हतं. उद्घाटनाच्या दोन वर्षं आधी, १९५८ सालीच, त्यांच्यासाठी पंचवीसेक किलोमीटरवर तागुआतिंगा ही वेगळी वसाहत वसवावी लागली. ज्या शहराची प्रत्येक रेघ विचारपूर्वक ओढली होती, त्याची पहिली उपनगरी वस्ती शहराआधीच उभी राहिली. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या मंजुरीच्या कागदावर मला एकच रकाना वाढवून हवाय: इथे काम करणारी माणसं रात्री झोपणार कुठे? पर्यावरणाचा अहवाल मागतात तसा तोही मागावा आणि उत्तर नसेल तर मंजुरी अडवावी.

सरकारने बांधलेली घरं म्हणजे उंच, उदास, गुन्हेगारीने पोखरलेल्या इमारती, हा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो. त्याचं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईसचं प्रुइट-आयगो. अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती १९५०च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या. वास्तुरचनेला शिव्या घालणं सोपं आहे. पण देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातून काढायचा होता, आणि त्याच वर्षांत शहरातून लोक, नोकऱ्या आणि करांचा पैसा उपनगरांकडे वाहून जात होता. रिकाम्या होत चाललेल्या शहराच्या मध्यात हजारो घरं बांधली आणि तिथे काम काय उरेल हे कुणी विचारलं नाही. मेक्सिकोत काम होतं तिथे घर नव्हतं, इथे घर होतं तिथे काम उरलं नाही.

दुसरा एक आक्षेप मात्र मला मनापासून खरा वाटतो. घरबांधणी अर्थव्यवस्थेचं इंजिन केली की इंजिन भडकतं. कोलंबियात लॉक्लिन करी या अर्थतज्ज्ञाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घरबांधणीलाच विकासाचं आघाडीचं क्षेत्र करायची योजना मांडली आणि राष्ट्राध्यक्ष मिसाएल पास्त्राना यांच्या सरकारने ती राष्ट्रीय आराखड्यात घेतली. तर्क पक्का होता: शेतीतून बाहेर पडणाऱ्या अकुशल माणसाला बांधकामात लगेच काम मिळतं, आयात यंत्रं फारशी लागत नाहीत, मागणी तर दबा धरून बसलेलीच असते. १९७२ साली महागाईशी जोडलेली बचत आणि कर्जाची नवी पद्धत आली, ठेवी वाढल्या, बांधकाम जोरात सुरू झालं. पण १९९०च्या दशकात त्या कर्जांची मोजणी महागाईऐवजी बाजारातल्या व्याजदराशी जोडली गेली. दर कडाडले तेव्हा हप्ते भरता न आल्याने हजारो कुटुंबांची घरं गेली, आणि १९९९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती पद्धतच मोडीत काढली. स्पेनमध्ये २००८ नंतर आणि चीनमध्ये २०२१ पासून एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीच्या रूपाने जे दिसलं ते याच कुळातलं. मग माझ्या मांडणीवर हा घाव बसत नाही का? बसतो, जर घरांना नियोजनात आणणं म्हणजे बांधकामाला उत्तेजन देणं एवढाच अर्थ असेल तर. विकासदर घसरला की गृहकर्ज स्वस्त करायचं, बिल्डरांना सवलती द्यायच्या आणि क्रेन मोजायच्या, याला मी नियोजन म्हणत नाही. ती चटक आहे. नियोजनाला विटा, सिमेंट आणि गवंडी किती आहेत हेही बघावं लागतं. ब्रिटनने १९१९ साली युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी घरं बांधायचा कायदा केला, पैसा सैल सोडला, पण कुशल हात आणि सामान मूठभरच होतं. पैसा घरांत न उतरता किमतीत उतरला, आणि १९२१ मध्ये योजना आवरती घ्यावी लागली.

आणि इथेच असा प्रश्न येतो ज्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. घर परवडणारं हवं असेल तर त्याची किंमत मजुरीपेक्षा वेगाने वाढता कामा नये. घर ही म्हातारपणाची पुंजी हवी असेल तर ती वाढायलाच हवी. दोन्ही एकदम होत नाही. चीनमध्ये १९९८ नंतर घरं बाजारात आली, स्थानिक सरकारं जमिनीचे पट्टे विकून तिजोरी भरू लागली, आणि २०१६ साली वरून ‘घर राहण्यासाठी आहे, सट्ट्यासाठी नाही’ अशी घोषणा झाली तेव्हा सट्ट्यावर शहरंच्या शहरं उभी राहून गेली होती. सिंगापूरलाही हा पेच सुटलेला नाही: लोकांनी आयुष्याची बचत ज्या सदनिकेत घातली तिचा पट्टा ९९ वर्षांचा आहे, म्हणजे शेवटी किंमत शून्याकडे जाणार, आणि हे मालकांना पटवून देणं तिथल्या सरकारला जड जातंय. ब्रिटनने १९८० साली नगरपालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. एका पिढीला ती लॉटरी लागली. पुढच्या पिढीला त्यांतलीच बरीच घरं खासगी मालकाकडून भाड्याने घ्यावी लागली, आणि गरिबांचं ते वाढीव भाडं सरकारच भत्त्यांतून भरू लागलं.

व्हिएन्नाने आपली घरं विकली नाहीत. आजही तिथल्या नगरपालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार सदनिका आहेत आणि त्या भाड्यानेच दिल्या जातात. तिथे राहणाऱ्या कुणालाही घराची किंमत वाढल्याचा आनंद होत नाही, कारण ते घर त्याचं नाहीच.